कोठीतल्या अक्षता

ज्या लग्नाची व्यवस्था पहिल्यांदा माझ्या हातात आली, त्या लग्नात ऐन मुहूर्ताच्या वेळी मी नवरीच्या आईला कोठीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

आता नांदेडात माझं ऑफिस आहे. काचेच्या दारावर ‘विवाह नियोजन’ अशी सोनेरी अक्षरं आहेत, आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या बापाला मी छातीवर हात ठेवून सांगतो, “तुम्ही काही काळजी करू नका.” छातीवर हात ठेवतो तो धीर द्यायला, असं त्यांना वाटतं. खरं कारण म्हणजे तिथं अजून धडधडतं.

मी मुळात डॉक्टर होणार होतो. म्हणजे वडिलांनी तसं ठरवलं होतं. त्या काळात आमच्या उमरीकडं ज्या घरातल्या पोराला दहावीत बरे मार्क पडत, त्या घरातून एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि एक बादली लातूरला रवाना व्हायची. पेटीच्या मागं पोरगं असायचं. लातूरच्या ज्या क्लासात मला घातलं, त्याच्या खिडकीतून शेजारचं मंगल कार्यालय दिसायचं. सर फळ्यावर विजेचे प्रवाह काढत आणि तिकडं बँडवाला सुरू झाला की माझा प्रवाह खिडकीबाहेर वाहायला लागे. त्यात मेसचं जेवण असं, की वरणात डाळ शोधायला दुर्बीण लागावी. मग आम्ही दोघंतिघं स्वच्छ शर्ट घालून पंगतीत जाऊन बसायचो. वराकडच्यांनी विचारलं की वधूकडचे, वधूकडच्यांनी विचारलं की वराकडचे. लातूरमध्ये मी भौतिकशास्त्र सोडून एवढं एकच शास्त्र शिकलो, की कुठल्या लग्नात काय बिनसलंय हे पंगतीच्या आवाजावरून ओळखायचं.

निकाल लागल्यावर वडील एवढंच म्हणाले, “जेवणाची आबाळ तर झाली न्हाई ना?” त्यांना माहीत नव्हतं, पण त्या एका विषयात मी पहिल्या वर्गात पास झालो होतो.

मग मामाकडं, नांदेडला. मामाच्या मुलीच्या लग्नात मी खुर्च्या हलवत होतो. ऊन सरकेल तशी म्हाताऱ्यांची रांग सावलीत सरकवत होतो, दुसरं काही काम कुणी दिलं नव्हतं म्हणून. एक पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ बराच वेळ माझ्याकडं बघत होते. ते एका शाळेतले निवृत्त पीटीचे सर. आयुष्यभर पोरांना रांगेत उभं केलं, आता वऱ्हाड उभं करत. आधी नात्यातली लग्नं फुकट निभावली, मग लोकच बोलावायला लागले. लग्न लावून देणाऱ्या माणसाला तेव्हा आमच्याकडं वेगळं नाव नव्हतं. लोक म्हणायचे, “सरांकडं द्या इंतजाम.” त्यांनी मला विचारलं, “खुर्च्या हलवायला कुणी सांगितलं?” म्हटलं, “कुणी नाही, ऊन आलं.” म्हणाले, “उद्यापासून माझ्याबरोबर ये.”

सरांकडं मी दोन लगीनसराया काढल्या. जनरेटरवाल्याला आदल्या दिवशी का भेटायचं, फेटेवाल्याला आधी चहा का पाजायचा, आचाऱ्याशी वाद घालायचा असेल तर तेल तापायच्या आधी घालायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. पण त्यांचा खरा धडा वेगळाच होता. लग्न ठरलं की ते दोन्ही घरी जाऊन नुसते बसायचे. मांडवाचं, जेवणाचं बोलायचेच नाहीत. चहा घ्यायचे, भिंतीवरचे फोटो बघायचे, कोण कोणाकडं बघत नाही ते बघायचे. मी एकदा कंटाळून विचारलं, “सर, ह्यात काम काय झालं?” म्हणाले, “बावा, खुर्च्या भाड्यानं मिळतात. लग्नात सांभाळायची माणसं दोनच असतात. एक रुसलेलं आणि एक रुसणार असलेलं. ती चहा पिल्याशिवाय ओळखू येत नाहीत.”

मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. मी तेव्हा नवा कोट शिवला होता.

ते लग्न लातूरला होतं. मुलगा नांदेडचा, मुलगी लातूरची. मुलीकडचे मूळचे किल्लारीकडच्या एका गावातले. भूकंपात मुलीचे वडील गेले. आईला आणि लहानग्या मुलीला धाकट्या काकानं दगडमातीखालून हातानं उकरून काढलं होतं. पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, ओळीत घरं दिली, पण ह्या बाई मुलीला घेऊन लातूरला आल्या आणि क्लासच्या पोरांना डबे द्यायला लागल्या. बाहेरगावची पोरं वाढत गेली तसे त्यांचे डबेही वाढले. डब्यांवर मुलगी शिकली, शिक्षिका झाली. हे सगळं सरांनी त्यांच्या घरी बसून काढलं होतं. मला लग्नानंतर कळलं, कारण चहाला मी गेलोच नव्हतो. सर लातूरला निघाले तेव्हा मी नांदेडात बिल्ला छापून घेत होतो. चांगला जाड, प्लास्टिकच्या पाकिटातला, गळ्यात अडकवायचा. त्यावर माझ्या नावाखाली लिहिलं होतं, ‘मुख्य व्यवस्थापक’. आमच्या व्यवस्थेत माणसं दोन, त्यातला मुख्य मी!

मुलीनं एकच हट्ट धरला होता. अक्षतांच्या वेळी आई शेजारी पाहिजे आणि कन्यादान आईनंच करायचं. काका आधी कचरले होते, “लोक काय म्हणतील,” म्हणून. काकूनं नाक मुरडलं होतं. मुलाच्या आजीचा तर विधवेनं पुढं यायलाच विरोध. सर सगळ्यांकडं जाऊन बसले. भटजींकडंही बसले. भटजी म्हणाले, “शास्त्रात अडत नाही, माणसांत अडतं.” सर म्हणाले, “माणसांचं माझ्यावर सोपवा.” शेवटी आजी कबूल झाल्या, काका तर पुतणीपेक्षा जास्त खूश झाले. तयार होत नव्हत्या त्या फक्त मुलीची आई. “अपशकुनी म्हणत्याल,” हे त्यांचं पालुपद. सरांनी त्यांना शब्द दिला होता, “तुम्हाला कुणी मागं हो म्हणणार नाही.”

लग्नाच्या दिवशी सर मला म्हणाले, “वराकडची वरात मी बघतो. तुझं काम एकच. मुहूर्ताच्या आधी नवरीच्या आईला मांडवात आणून उभं करायचं. बाकी गेलं खड्ड्यात.”

“झालंच समजा,” मी म्हणालो.

नवरीची आई म्हटल्यावर माझ्या डोक्यात एक चित्र तयार होतं. भरजरी शालू, नाकात नथ, केसांत गजरा, घामाघूम. अशी एक बाई मला नवरीच्या खोलीशी सापडली. म्हटलं, “काकू, चला, तुमची जागा पुढं आहे.” त्या जरा चमकल्या. “माजी?” “तुमचीच. सरांनी सांगितलंय.” त्या पदर सावरत आल्या आणि ऐटीत नवरीच्या शेजारी उभ्या राहिल्या. ती काकू होती. मी मनातल्या मनात ते काम खोडून टाकलं आणि कोट झटकला.

आता मोकळा झालेला माणूस काय करतो? नको तिथं लक्ष घालतो. मी स्वयंपाकाकडं गेलो. कोठीवर बसवलेला मुलीकडचा माणूस फेटा बांधायला गेला होता. दार सताड उघडं, आणि वराकडची पोरं आतून बालुशाहीची परात हलवायच्या बेतात. त्यांना हुसकलं. पण तिथं विश्वासाचं कुणीतरी पाहिजे होतं. बघतो तर चुलवणापाशी एक बाई उभ्या. फिकट मोतिया रंगाची साडी, कपाळ मोकळं, हात मोकळे. वरणाच्या पातेल्यावरचं झाकण सरकवून आचाऱ्याला सांगत होत्या, “खालनं धरलंय, जाळ काढा.” आचारी निमूट जाळ काढत होता. मी म्हटलं, बाई कामाची दिसते.

“मावशी, जरा कोठीत बसता का?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बिल्ल्याकडं. “आत्ता?”

“आत्ताच. अक्षता पडेपर्यंत हलू नका.”

“अक्षता पडंपर्यंत?”

“हो ना. नंतर काय, नंतर या बाहेर.”

त्या क्षणभर मांडवाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, लग्न बघायची हौस असेल. मी समजूतदारपणे म्हणालो, “तुमच्यासारख्या माणसानं आत बसलेलंच बरं असतं.” म्हणजे विश्वासाच्या माणसानं. देवाशपथ, मला तेवढंच म्हणायचं होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. साखरेच्या पोत्यावर टेकल्या.

“बाहेरून कडी घालतो. कुणाचा त्रास नको तुम्हाला.”

मी कडी घातली.

मंगलाष्टकं सुरू झाली. सर वरातीबरोबर घामानं भिजून मांडवात पोचले, गर्दीच्या पलीकडून मान उंच करून नवरीच्या बाजूला बघायला लागले. त्यांना कुणीतरी दिसत नव्हतं. त्यांनी हातानं विचारलं, काय झालं? मी अंगठा वर केला. नवरी अंतरपाटाआड मान वळवून वळवून मागं बघत होती. मला वाटलं, आजकालच्या मुलींना फोटोचं फार. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, बँड फुटला. मीही दोन मुठी उधळल्या, एक कोटाच्या खिशातली.

सर गर्दी फोडत माझ्यापर्यंत आले.

“आई कुठंय?”

“कुणाची?”

“तुझी! अरे, नवरीची!”

“तिथं उभ्या आहेत की. शालूवाल्या.”

“ती काकू आहे. आई कुठंय? मोतिया साडी, कपाळाला काही नाही...”

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी पळत सुटलो होतो.

कडी काढली तेव्हा त्या पोत्यावरच होत्या, हात मांडीवर. त्यांनी दार वाजवलं नव्हतं. हाक मारली नव्हती. दाराच्या आतल्या अंगाला, उंबऱ्यापाशी, अक्षता विखुरल्या होत्या. पदरात बांधून आणलेल्या त्यांनी, कर्ण्यावरच्या मंगलाष्टकांच्या अंदाजानं, बंद दारावर टाकल्या होत्या.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“बरं झालं.” मग थोडं थांबून, “भाऊजींनी सांगितलं हुतं व्हय, मला हितं बसवाया?”

इथं दोन उत्तरं होती. एक खरं होतं आणि त्यात माझं सगळं दिवाळं होतं. दुसरं माझ्या तोंडात आयतं येऊन बसलं होतं.

“हो, म्हणजे... वरूनच निरोप होता,” मी म्हणालो.

कडी घातली ती गाढवपणानं. हे मात्र चांगलं जागेपणी केलं. त्यांनी मान डोलावली. तोंडावर राग नव्हता, नवलही नव्हतं. इतके दिवस जे होईल म्हणत होत्या, तेच झालं होतं. “मंग कन्यादानालाबी त्येच बसत्याल,” म्हणाल्या. “मी हाय हितं. कोठी बगते.” आणि त्यांनी पानाची टोपली ओढून घेतली.

मी बाहेर येऊन सरांना सांगितलं, “त्या नको म्हणतायत.” हे तसं खोटं नव्हतं, हीच त्यातली खुबी. पण नवरी पाटावर बसली आणि तिनं हात मांडीखाली घेतले. “आई आल्याबिगर मी हात पुढं करणार न्हाई.” भटजींनी पळी खाली ठेवली. आजींनी चष्मा पुसायला काढला. पंगतीचे लोक पानांकडं बघायला लागले. सरांनी तोंड उघडायच्या आत काका उठले. “मी आणतो वहिनीला,” म्हणाले आणि धोतराचा सोगा सावरत कोठीकडं निघाले. सर मागं, आणि सगळ्यात मागं मी, कारण पळून जायला मांडवाला दुसरी वाट नव्हती.

“वहिनी, उठा. लेक वाट बगायलीय.”

“तुमी बसा की भाऊजी. तुमीच बसवलं ना हितं मला?”

“मी?”

“मला आदीच म्हणला असता तर मी आलेबी नसते. कडी कामून लावली?”

कडी म्हटल्यावर काका दाराकडं वळले, कोयंड्याला हात लावून बघितला, जणू तो नवाच कुणीतरी बसवलाय. मग सरांकडं वळून म्हणाले, “सर, भूकंप झाला तवापसून वहिनी दाराला कडी लावून झोपल्या न्हाईत. हिवाळ्यातसुदिक. मी कशाला वो कडी लावीन?” त्यांचा आवाज फाटला. “वहिनी, मी लावीन व्हय?”

त्या पानं पुसत राहिल्या. वर बघेनात.

मी दाराशी उभा होतो. मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. गप्प राहिलो असतो तर ते दोघं त्यांचं त्यांचं बघून घेतील, आणि संध्याकाळी मी नांदेडला जेवायला असेन, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. येऊन गेला म्हणतो, पण तो चांगला पाय पसरून बसला होता. त्याला उठवलं ते सरांनी. त्यांनी नुसतं माझ्याकडं वळून बघितलं. पीटीच्या तासाला रांगेत कोण हललं हे पाठमोऱ्या माणसालाही कळतं, तसं.

“कुणी सांगितलं नव्हतं,” मी म्हणालो. “निरोप-बिरोप काही नव्हता. मी खोटं बोललो. कडी मीच लावली.”

“कामून?” बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं.

“मी तुमच्या घरी आलोच नव्हतो. मला वाटलं, तुम्ही... आचाऱ्याकडच्या. स्वयंपाकाच्या बाई.”

काका माझ्या अंगावरच येत होते, सरांनी धरलं. बाईंनी मला कोटापासून बुटापर्यंत बघितलं. मग त्यांच्या तोंडावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आचाऱ्याची बाई समजलं जाणं हे त्यांना घरच्यांनी कोंडण्यापेक्षा इतकं हलकं वाटावं, ह्याची मला लाज वाटली. आजही ही गोष्ट चारचौघांत हसत सांगता येत नाही ती ह्या ठिकाणी.

“स्वयंपाकाचीच हाय की मी,” त्या म्हणाल्या. “त्यात काय येवडं? भाऊजी, चला.” त्यांनी पदराला हात पुसले. काका डोळ्याला उपरणं लावून उभे होते, त्यांना म्हणाल्या, “चला म्हणलं ना. पोरगी खोळंबली.”

कन्यादान त्यांनी केलं. त्यांच्या हातावरून पाणी पडलं तेव्हा नवरी रडली, काका रडले, आजींनी दुसऱ्यांदा चष्मा पुसला. काकू तेवढी माझ्याकडं बघत होती. तिला मी फुकटचा मान देऊन काढून घेतला होता, आणि त्या हिशेबात ती बरोबर होती. लोक म्हणाले, असं लग्न झालं नाही. सरांनी माझ्या गळ्यातला बिल्ला काढला, घडी होत नव्हती तरी घडी केली आणि आपल्या खिशात टाकला. त्यानंतर त्यांच्याबरोबर जेवढी म्हणून घरं झाली, त्या प्रत्येक घरी मी आधी जाऊन बसलो. इतका चहा प्यायलो की पित्ताचा त्रास लागला. पण अक्षता त्यांना परत कोण देणार होतं? मुहूर्त काही पंगत नव्हे, दुसरी बसवायला.

मला मात्र ते भरून काढायची घाई झाली होती. माणूस चुकला की त्याला लगेच चांगलं व्हायचं असतं, समोरच्याला वेळ आहे की नाही हे न बघता. बाई पंगतीत वाढत होत्या. आपल्याच मुलीच्या लग्नात, वरणाची बादली घेऊन, कुणी सांगितलं नसताना. मी आडवा गेलो.

“काकू, एक सांगू का? सगळं शूटिंग झालंय. अक्षता पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेत त्यात. मी स्वतः सीडी आणून देतो. घरी निवांत बसून बघा.”

त्यांनी बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता आशीर्वाद मिळतो.

“आरं बाबा, मला बगायच्या न्हवत्या, टाकायच्या हुत्या.” मग बादली उचलत म्हणाल्या, “लोकाची लग्नं लावायचं तुज्या डोक्याचं काम न्हाई. जा, तिकडल्या पंगतीत पानी वाढ.”